केलेलं उलटवता येतं का? कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाच्या अल्जेब्राबद्दल

प्रश्न थोडक्यात असा: नांदेडजवळच्या कॉलेजात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सचं पहिलं वर्ष. दहावीपर्यंत मराठी माध्यम. अल्जेब्राच्या पेपरात काँग्रुअन्स, ग्रुप, रिंग, फील्ड असं बरंच काही आहे. व्याख्या पाठ झाल्यात, पण उदाहरण जरा बदललं की हात थांबतो. शिवाय या सगळ्याचा कोडिंगशी काय संबंध, तेही कळत नाही.

व्याख्या पाठ असूनही हात थांबतो, कारण त्या व्याख्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहेत हे कुणी सांगितलेलं नसतं. प्रश्न एकच आहे: केलेली क्रिया उलटवता येते का? संदेश कुलूपबंद केला, तो परत उघडेल का? आकडा बिघडला, मूळ आकडा काढता येईल का? एखाद्या संख्येने गुणलं, तर भागून मागे येता येईल का? ग्रुप म्हणजे जिथे प्रत्येक क्रिया उलटवता येते ती जागा. रिंगमध्ये बेरीज उलटते, गुणाकाराची खात्री नाही. फील्डमध्ये शून्य सोडून प्रत्येकाने भागता येतं. पेपरातला प्रत्येक धडा या प्रश्नाशी जोडून वाचा, पाठांतर निम्म्यावर येईल.

भाषेचं म्हणाल तर निम्मे शब्द तुमच्याकडे आधीच आहेत. जीसीडी म्हणजे आपला मसावि. को-प्राइम म्हणजे सहमूळ संख्या. असोसिएटिव्ह म्हणजे साहचर्य, कम्युटेटिव्ह म्हणजे क्रमनिरपेक्षता, इन्व्हर्स म्हणजे बेरजेत विरुद्ध संख्या आणि गुणाकारात व्यस्त. पेपर इंग्रजीत लिहा, पण विचार या शब्दांत करायला कुणाची हरकत नाही. फक्त फील्ड या शब्दाला जपा. डेटाबेसमधलं फील्ड वेगळं, भौतिकशास्त्रातलं वेगळं आणि हे तिसरंच.

सुरुवात बाकीपासून. आज मंगळवारचा बाजार असेल तर २५ दिवसांपूर्वी कोणता वार होता? रविवार ०, सोमवार १, मंगळवार २ असं धरलं की २ − २५ = −२३. गणितात −२३ ला ७ ने भागून बाकी ५ येते, म्हणजे शुक्रवार. पण सी किंवा जावामध्ये −२३ % ७ लिहिलं तर उत्तर −२ मिळतं. पायथन ५ देतो. गणित दोघांचंही चुकलेलं नाही, कारण मोड ७ मध्ये, म्हणजे ७ ने भागल्यावरची बाकी तेवढी बघितली तर, −२ आणि ५ एकाच वर्गात बसतात. प्रतिनिधी कोणता निवडायचा एवढाच फरक आहे. मात्र तो −२ ॲरेचा इंडेक्स म्हणून वापरलात तर जावा एक्सेप्शन फेकेल, आणि सी निमूटपणे भलत्याच जागेची मेमरी वाचेल. दुसरा प्रकार जास्त वाईट. म्हणून सीमध्ये बाकी घेताना ((अ % म) + म) % म असं लिहायची सवय लावा.

दुसरी ठोकर दोन्ही बाजूंनी काट मारण्याची. ६ × २ आणि ६ × ४, दोघांची मोड १२ मधली बाकी ०. दोन्हीकडचा ६ काटला तर २ ≡ ४ (मोड १२) उरतं (≡ म्हणजे दोघांची बाकी सारखी), आणि ते चूक आहे. ६ ने काट मारायची असेल तर मोडलाही ६ आणि १२ च्या मसाविने, म्हणजे ६ ने, भागावं लागतं: २ ≡ ४ (मोड २), आणि हे बरोबर आहे. बिनधास्त काट फक्त मोडशी सहमूळ असलेल्या संख्येनेच मारता येते, कारण व्यस्त फक्त अशाच संख्यांना असतो. हे वाक्य पुढे चार धड्यांत वेश बदलून येतं.

सहमूळ असण्याशी व्यस्ताचा संबंध काय, हे मोंढ्यातल्या जुन्या दोन पारड्यांच्या तराजूवर नीट दिसतं. समजा तुमच्याकडे फक्त ५ किलोची आणि ७ किलोची वजनं आहेत, हवी तितकी, आणि ती दोन्ही पारड्यांत टाकायची मुभा आहे. १ किलो तूर कशी मोजाल? एका पारड्यात ७ ची तीन, म्हणजे २१ किलो. दुसऱ्यात ५ ची चार आणि तूर. २१ − २० = १. एक किलो जमलं की कोणतंही वजन जमलं. आता ६ आणि १० किलोची वजनं घ्या. काहीही करा, फक्त सम किलो मोजता येतात. १ किलो कधीच नाही. मोजता येणारं सगळ्यात लहान वजन म्हणजे दोघांचा मसावि. पुस्तकात याला बेझूची आयडेंटिटी म्हणतात. ३ × ७ − ४ × ५ = १ हे मोड ५ मध्ये वाचा: ३ × ७ ≡ १. म्हणजे ७ चा व्यस्त ३. तराजू समतोल झाला की व्यस्त हाती आला.

मोठ्या आकड्यांना ही वजनं अंदाजाने सापडत नाहीत, तिथे एक्स्टेंडेड युक्लिड लागतो, म्हणजे भागाकार करत मसावि आणि ही वजनं दोन्ही काढायची रीत. बहुतेक मुलं तो उलट्या दिशेने करतात: आधी खालपर्यंत भागाकार, मग एकेक समीकरण वर भरत जायचं. चिन्हं चुकण्याचं सगळ्यात मोठं ठिकाण तेच. त्यापेक्षा भागाकारांची उतरंड मांडून सरळ खाली या. मोड १०१ मध्ये ३७ चा व्यस्त काढू.

१०१ = २ × ३७ + २७
३७ = १ × २७ + १०
२७ = २ × १० + ७
१० = १ × ७ + ३
७ = २ × ३ + १

भागाकार आले २, १, २, १, २. आता ० आणि १ पासून सुरुवात करा. नियम असा: नवा आकडा = आधीच्या-आधीचा − भागाकार × आधीचा.

० − २×१ = −२
१ − १×(−२) = ३
−२ − २×३ = −८
३ − १×(−८) = ११
−८ − २×११ = −३०

शेवटचा −३०, त्यात १०१ मिळवले की ७१. ताळा: ३७ × ७१ = २६२७ = २६ × १०१ + १. ताळ्याला दहा सेकंद लागतात आणि पूर्ण मार्क वाचतात, तरी तो कुणी करत नाही. आणखी एक खूण: −२ पासून पुढे चिन्हं एकाआड एक बदललीच पाहिजेत. दोन सलग आकड्यांचं चिन्ह सारखं आलं तर तिथेच थांबा, चूक त्याच ओळीत आहे.

ही मांडणी परकी वाटत असेल तर जाता जाता एवढं सांगतो: आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये आणि भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत जे कुट्टक दिलं, ते याच जातीचं गणित. कुट्टक म्हणजे कुटणं, मोठ्या संख्येचा कुटून भुगा करणं. भागाकार एकाखाली एक लिहायच्या त्या उतरंडीला ते वल्ली, म्हणजे वेल, म्हणत. नाव छान आहे, वापरा.

हॅश टेबलमध्ये, म्हणजे आकड्यावरून खण ठरवून त्यात माहिती ठेवायच्या तक्त्यात, हीच गोष्ट दिसते. १२ खणांचं टेबल, धडक झाली, म्हणजे खण आधीच भरलेला निघाला, की ठरावीक ढांग टाकून पुढचा खण बघायचा. ढांग ४ ची असेल तर ०, ४, ८ आणि परत ०. टेबलात नऊ खण रिकामे असूनही प्रोग्रॅम तीनच खणांत घिरट्या घालतो. ढांग ५ ची घेतली तर बाराही खण फिरून होतात. मोड १२ च्या बेरजेच्या ग्रुपमध्ये ५ जनरेटर आहे, म्हणजे तोच मिळवत गेलं की सगळे घटक येतात; ४ नाही. सगळं स्पष्टीकरण एवढंच. टेबलाचा आकार मूळ संख्या ठेवतात तो यासाठीच, मग शून्य सोडून कोणतीही ढांग चालते.

आता ग्रुप. चार अटी: बंदिस्तपणा (उत्तर त्याच संचात राहणं), साहचर्य, अविकारक घटक (ज्याच्याशी क्रिया केली तरी काही बदलत नाही), आणि प्रत्येकाचा व्यस्त. क्रमनिरपेक्षता यात नाही. ती असेल तर ग्रुप आबेलियन. उत्तरपत्रिकेत मार्क कुठे जातात ते एका नेहमीच्या उदाहरणावर पाहू: −१ सोडून सर्व परिमेय संख्या, आणि क्रिया अ * ब = अ + ब + अब. मुलं अविकारक ० काढतात, व्यस्त −अ/(१+अ) काढतात आणि खाली ग्रुप असं लिहून मोकळी होतात. बंदिस्तपणाच्या नावाखाली 'उत्तर परिमेय आहे' एवढंच लिहिलेलं असतं. खरी तपासणी वेगळी आहे: उत्तर −१ तर येत नाही ना? अ + ब + अब + १ = (१+अ)(१+ब), आणि दोन्ही कंस शून्य नाहीत, म्हणून गुणाकारही शून्य नाही. व्यस्ताचंही तसंच, तो स्वतः −१ नाही हे दाखवावं लागतं. या एका ओळीत उदाहरणाचं गुपितही उघडं पडतं: प्रत्येक संख्येत १ मिळवून बघितलं की ही क्रिया म्हणजे साधा गुणाकार. वेश बदललेला तोच ग्रुप. आयसोमॉर्फिझम म्हणजे हेच, वेगळं काही नाही.

केलीच्या तक्त्याबद्दल, म्हणजे घटकांच्या प्रत्येक जोडीचं उत्तर मांडणाऱ्या पाढ्यासारख्या चौकटीबद्दल, एक इशारा. प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक घटक एकदाच आला, म्हणून तो ग्रुप झाला असं नाही. साहचर्य तक्त्यावर डोळ्यांना दिसत नाही. पाच घटकांचा असा तक्ता करता येतो ज्यात अविकारक आहे, ओळी-स्तंभ चोख आहेत, पण साहचर्य मोडतं. आणि साहचर्य ही कागदावरची औपचारिकता समजू नका. पायथनमध्ये (०.१ + ०.२) + ०.३ आणि ०.१ + (०.२ + ०.३) करून बघा: एक ०.६००००००००००००००१ देतो, दुसरा ०.६. फ्लोटिंग पॉइंटच्या बेरजेला साहचर्य नाही, म्हणून तीच यादी वेगळ्या क्रमाने बेरजेला घेतली की उत्तर हलतं.

क्रमनिरपेक्षता नसलेला ग्रुप कशाला शिकायचा, असं वाटत असेल तर खिशातलं आधार कार्ड काढा. बारा आकडे, त्यातला शेवटचा तपासणीचा. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे प्रत्येक आकड्याला एखादं वजन देऊन बेरीज करायची आणि मोड १० घ्यायचा. तो इथे कमी पडतो, आणि का ते तीन ओळींत सिद्ध होतं. एक आकडा चुकला तर कळलं पाहिजे, म्हणून वजन १० शी सहमूळ हवं: १, ३, ७ किंवा ९. सगळी विषम. शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली तर बेरजेत पडणारा फरक = वजनांमधला फरक × आकड्यांमधला फरक. दोन विषमांचा फरक सम. आकड्यांत ५ चा फरक असेल तर सम × ५ हा १० च्या पटीत, म्हणजे चूक निसटली. पुस्तकांवरच्या तेरा अंकी आयएसबीएनमध्ये १ आणि ३ ही वजनं आहेत. तिथे शेजारी आलेल्या १ आणि ६ ची अदलाबदल खरोखरच पकडली जात नाही. जुन्या दहा अंकी आयएसबीएनने मोड ११ घेऊन हे टाळलं, पण मग बाकी १० आली की आकड्याऐवजी अक्षर लिहावं लागे. १९६९ मध्ये याकोबुस व्हेर्हूफ या डच गणितज्ञाने दहाच आकड्यांत भागवणारी वाट दाखवली: मोड १० च्या जागी नियमित पंचकोनाच्या सममितींचा ग्रुप. पाच फिरवण्या, पाच उलटण्या, एकूण दहा घटक, आणि अ * ब आणि ब * अ नेहमी सारखे नाहीत. नुसतं तेवढंही पुरत नाही. प्रत्येक स्थानावर आकड्यांची ठरावीक अदलाबदल आधी करावी लागते. मग एका आकड्याची प्रत्येक चूक आणि शेजारच्यांची प्रत्येक अदलाबदल सापडते. आधारमध्ये हीच पद्धत आहे. अर्थात तपासणी जुळली म्हणजे तो क्रमांक कुणाला दिलेला आहे असं नाही. फॉर्म भरून घेणारा कोड लिहिताना हे विसरू नका.

सबग्रुप, कोसेट, लाग्रांज यांवर फार लिहीत नाही, ते कोणत्याही पुस्तकात ठीक दिलेलं असतं. फक्त लाग्रांजचं प्रमेय उलट्या दिशेने वापरू नका. सबग्रुपची ऑर्डर, म्हणजे घटकांची संख्या, ग्रुपच्या ऑर्डरला भागते, पण भागणाऱ्या प्रत्येक संख्येचा सबग्रुप असतोच असं नाही. चार वस्तूंच्या सम क्रमपर्यायांच्या १२ घटकांच्या ग्रुपमध्ये ६ घटकांचा सबग्रुप नाही.

आरएसए मात्र हाताने एकदा तरी पूर्ण सोडवा. रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांची १९७७ ची ही संदेश कुलूपबंद करायची पद्धत: कुलूप लावायचा घात सगळ्यांना माहीत, उघडायचा फक्त मालकाला. मूळ संख्या १७ आणि २३ घ्या. न = ३९१, आणि फाय = १६ × २२ = ३५२. सार्वजनिक घात ३, तो ३५२ शी सहमूळ आहे. खाजगी घात म्हणजे मोड ३५२ मध्ये ३ चा व्यस्त: ३ × २३५ = ७०५ = २ × ३५२ + १, म्हणून २३५. संदेश १० असेल तर १०³ = १०००, आणि १००० − ७८२ = २१८. हा झाला कुलूपबंद संदेश.

सगळ्यात जास्त होणारी चूक: व्यस्त ३५२ ऐवजी ३९१ च्या मोडमध्ये काढणं. मग २६१ येतो, ३ × २६१ = ७८३ चा ताळाही मोड ३९१ मध्ये जुळतो, आणि कुलूप काही उघडत नाही. संदेश मोड न मध्ये राहतो, घात मोड फाय मध्ये. वहीत या दोन गोष्टी दोन रंगांच्या पेनने लिहा.

उघडताना २१८ चा २३५ वा घात. २३४ गुणाकार करत बसायचं नसतं. २३५ = १२८ + ६४ + ३२ + ८ + २ + १; वर्ग करत गेलं तर ७ वर्ग आणि ५ गुणाकार, बारा पायऱ्यांत काम होतं. चायनीज रिमेंडरने, म्हणजे दोन्ही मूळ संख्यांच्या मोडमध्ये वेगवेगळं उत्तर काढून जोडायच्या रीतीने, आणखी हलकं: मोड १७ मध्ये २१८ म्हणजे १४, आणि घात २३५ ची मोड १६ मधली बाकी ११, १४ चा अकरावा घात १० देतो. मोड २३ मध्ये २१८ म्हणजे ११, घात मोड २२ मध्ये १५. ११ चा पंधरावा घातही १०. दोन्हीकडे १०, म्हणजे संदेश १०. खरी सॉफ्टवेअरसुद्धा उघडताना हीच फोड वापरतात, तिथे प्रत्येक मूळ संख्या १०२४ बिटची असते एवढंच.

एक गोष्ट ध्यानात घ्या. संदेश ५ असता तर ५³ = १२५, ३९१ पेक्षा लहान; मोड लागलाच नाही. कुणीही घनमूळ काढून वाचेल. म्हणून प्रत्यक्षात संदेशात यादृच्छिक भर घालतात आणि सार्वजनिक घात बहुधा ६५५३७ घेतात. पुस्तकी आरएसए प्रोजेक्टमध्ये जसंच्या तसं वापरू नका.

रिंगकडून फील्डकडे जाताना एक गैरसमज हमखास होतो: चार घटकांचं फील्ड म्हणजे मोड ४. नाही. मोड ४ मध्ये २ × २ = ०, म्हणजे २ ला व्यस्त नाही. तसंच बाइटचं. मोड २५६ मध्ये १२८ विषम संख्यांनाच व्यस्त आहे, सम संख्येने गुणलं की माहिती गेली. म्हणून २५६ घटकांचं फील्ड वेगळ्या रीतीने बांधतात: बाइटचे आठ बिट म्हणजे बहुपदीचे सहगुणक, बेरीज म्हणजे एक्सॉर (दोन बिट वेगळे असले तर १, सारखे असले तर ०), आणि गुणाकारानंतर एका अविभाज्य आठव्या घाताच्या बहुपदीने भागून बाकी. एईएस या कुलूपबंदीच्या प्रमाण पद्धतीत ती क्ष⁸ + क्ष⁴ + क्ष³ + क्ष + १, आकड्यात २८३. तिथे १२८ × २ करा: डावीकडे सरकवून २५६, नववा बिट पेटला म्हणून २८३ शी एक्सॉर, उत्तर २७.

चहाच्या टपरीवरचा क्यूआर कोड धूळ, चहाचे डाग, फाटका कोपरा असूनही चालतो तो असल्याच फील्डमुळे. त्यातली रीड–सोलोमन पद्धत बिघडलेल्या बाइटची जागा आणि मूळ किंमत समीकरणं सोडवून काढते. समीकरणं सोडवायची तर भागाकार लागतो, आणि भागाकार हवा तर फील्ड हवं. छापताना निवडलेल्या पातळीनुसार साधारण ७, १५, २५ किंवा ३० टक्के बिघाड भरून निघतो. पण क्यूआरची बहुपदी २८५ आहे, २८३ नाही. एकाचा कोड उचलून दुसऱ्यात टाकला की प्रोग्रॅम चालतो, एरर येत नाही आणि उत्तरं मात्र सगळी चुकतात.

सराव कसा करायचा? चार फंक्शनं स्वतः लिहा: धन बाकी, एक्स्टेंडेड युक्लिडने व्यस्त, जलद घात आणि २५६ च्या फील्डमधला गुणाकार. प्रत्येकी वीस-पंचवीस ओळींच्या आत बसतात. तपासायला आकडे हे घ्या. मोड १०१ मध्ये ३७ चा व्यस्त ७१ यावा. मोड १२ मध्ये ६ चा व्यस्त मागितला तर फंक्शनने 'नाही' म्हणावं. पुष्कळांचा कोड इथे काहीतरी आकडा देऊन मोकळा होतो. २१८ चा २३५ वा घात मोड ३९१ मध्ये १० यावा. जलद घातात मोड १०० कोटींच्या आसपास असेल तर गुणाकार ३२ बिटच्या इंटमध्ये मावत नाही, ६४ बिटचा घ्या. लहान आकड्यांवर ही चूक दिसतच नाही. २८३ च्या फील्डमध्ये ८७ × १३१ = १९३ आणि ८३ × २०२ = १ यायला हवं.

मग त्याच फील्डमध्ये २ चे घात छापत जा. २८३ मध्ये ५१ व्या घाताला १ येईल आणि तेच आकडे परत सुरू होतील; ५१ ने २५५ ला भाग जातो, लाग्रांज म्हणतो तसंच. लॉग टेबल, म्हणजे कोणता घटक कितवा घात हे सांगणारा तक्ता, २ च्या आधारे बनवलं तर २५५ पैकी २०४ खाने रिकामे राहतात ते यामुळेच. २८५ च्या फील्डमध्ये तोच २ सगळे २५५ घटक फिरून येतो. २८३ मध्ये टेबलाला आधार ३ चा घ्या.